दूध ओतणाऱ्या बाईच्या मागची भिंत

४ नोव्हेंबर

पोरी,

आशीर्वाद आहेतच, रागही आहे. दोन्ही एकाच पाकिटात घातलंय. तुला हवं ते आधी काढून घे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवता येतो, पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी तू ते वाचणार हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस.

आईवरच्या पुस्तकाचं बाड तू मला पाठवलंस. वर चिठ्ठी, "बाबा, चूक असेल तिथं पेन्सिलीने खूण करा, महिनाअखेरीस छापायला जाणार." दोन दिवस काम बुडवून वाचत बसलो. खोटं कशाला बोलू, इस्पितळाच्या धुलाईखान्यातली तिची वर्षं तू अशी लिहिली आहेस की मला वाफेचा वास आला. नुसता डाग बघून चादर कुठल्या वॉर्डातली हे ती सांगायची, हे मला आज कळतंय. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. मानलं तुला.

मग शेवटचं प्रकरण. तिचं विसरणं वाढलं, नोकरी केव्हाच सुटली होती, दिवसभर स्वयंपाकघरात बसून त्याच टॉवेलाच्या घड्या घालायची, तो तिचा शेवटचा हिवाळा. आणि तिथं तुझं वाक्य: "तो सगळा हिवाळा आई त्या स्वयंपाकघरात एकटीच होती."

एकटीच? आणि मी काय मेलो होतो?

फोनवर हेच विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही त्या प्रकरणात बसत नाही." मी म्हटलं, मी काय कपाट आहे, दारातून आत न बसायला? त्यावर तू काहीतरी बोललीस, मी त्याहून वाईट बोललो, आणि तू फोन ठेवलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

पण एक लक्षात ठेव. मला कौतुक नको, पानभर जागा नको. नवरा घरात होता, रोज होता, एवढी एक ओळ हवी. ती न घालता पुस्तक छापलंस तर त्या पुस्तकाला मी हात लावणार नाही, आणि तुझ्या घराची पायरीही चढणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. चहा पिऊन, शांतपणे लिहिलंय.

सध्या वाचनालयाच्या खिडक्या रंगवतोय. तिथं फळ्यावर कागद लावलाय: "कथेतर लेखनाचा वर्ग. जे घडलं तेच, पण नीट कसं लिहावं." नाव घातलं. म्हटलं, आपली पोरगी जे शस्त्र घेऊन उभी आहे त्याची धार तरी बघू.

पुस्तकातून पुसलेला,
तुझा बाप

११ नोव्हेंबर

पोरी,

उत्तर नाही. ठीक. हट्टीपणा कुणाकडून आला हे शोधायला लांब जायला नको.

काल वर्गाला गेलो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ खुर्च्या, पाच माणसं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी एका वर्तमानपत्रात होत्या, छापायच्या आधी बातमीतलं खरंखोटं तपासायचं काम. आपण बोलत असताना त्या अशा बघतात की आपलं निम्मं वाक्य आपणच गिळतो. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात. ते आत्मचरित्र लिहितायत. पहिलंच पान वाचून दाखवलं, त्यात पाऊस, पूर आणि पोस्ट सगळं होतं, पण प्रत्येक ओळीत मास्तर पुढे आणि पूर मागे. म्हटलं, एकीकडे माझी लेक, जी बापाला एक ओळ द्यायला तयार नाही, आणि एकीकडे हे.

मला वाटलं बाई व्याकरण सुरू करतील. त्यांनी स्टँडवर एक छापील चित्र लावलं. हॉलंडमधल्या एका चित्रकाराचं, साडेतीनशे वर्षांहून जुनं, जगभर नावाजलेलं. एक धडधाकट कामवाली बाई, बाह्या वर केलेल्या, अंगात पिवळं पोलकं, खाली निळं वस्त्र, टेबलापाशी उभी राहून मातीच्या भांड्यात दूध ओततेय. टेबलावर पाव. डावीकडे खिडकी. मागे भिंत. संपलं. बाई म्हणाल्या, सगळे वर्ग हेच एक चित्र. मास्तर कुरकुरले की आम्ही लिहायला आलो, चित्रं बघायला नाही. बाई म्हणाल्या, बघता येत नाही म्हणूनच लिहिता येत नाही.

त्यांचा नियम असा: चित्रावर पाच वाक्यं लिहायची, पण अशी, की शेजारच्याने चित्राजवळ जाऊन ती तपासून यावीत. मास्तरांनी लिहिलं, "बाई दुःखी आहे." त्यांच्या शेजारी बसलेली एक नर्स उठली, चित्राला नाक लावून आली, म्हणाली, दुःख काही सापडलं नाही, पापण्या मात्र खाली आहेत. बाईंनी दुःख खोडलं आणि पापण्या ठेवल्या. तिच्या हातातल्या सुरईच्या तोंडात नुसता काळोख आहे, आत दूध किती उरलंय ते दिसत नाही. तर ते लिहायचं नाही. धार बारीक आहे, ती दिसते. ती लिहायची.

आता माझी फजिती ऐक. माझं पहिलंच वाक्य: "भिंतीचं काम वाईट झालेलं आहे." वाचून दाखवलं आणि सुटलोच मी. म्हटलं, बघा, तिच्या डोक्याच्या वर भोकं आहेत, एक खिळा तसाच ठोकलेला आहे, खिडकीखाली ओल धरल्याचा डाग आहे. आधी खिळा उपटायला हवा होता, भोकांत लांबी-पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचा हात. गिऱ्हाईक पैसे देणार नाही असल्या भिंतीचे. कुणा शिकाऊ पोराचं काम दिसतंय.

बाकीचे चौघं हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ही भिंत कुणी रंगवली?" मी म्हटलं, तेच तर म्हणतोय, असेल कुणीतरी. त्या म्हणाल्या, "चित्रकारानं. भोकंसुद्धा. गुळगुळीत भिंत त्याला आयती मिळत होती. त्यानं एकेक भोक ब्रशनं रंगवलं, खिळ्याची सावलीसुद्धा."

तोंडात मारल्यासारखं झालं गं. भिंत म्हणजे भिंत, एवढंच मला दिसलं. ती रंगानं केलेली आहे हे माझ्यासारख्या रंगाऱ्याच्या डोक्यात येऊ नये! मी जन्मभर भोकं बुजवत आलो आणि हा गृहस्थ भोकं रंगवत बसला. का पण? हा प्रश्न काल रात्रीपासून माझा पिच्छा सोडत नाही. सकाळी वाचनालयात काम सुरू करायच्या आधी पुन्हा जाऊन बघितलं. मला वाटतं, त्या भोकांमुळंच ती बाई खरी वाटते. भिंतीवर पूर्वी काहीतरी टांगलेलं होतं, कुणीतरी काढलं, म्हणजे त्या खोलीत कालचा दिवसही होता. गुळगुळीत भिंतीपुढं ती बाई बाहुली दिसली असती.

तुझ्या बाडात मी एका ठिकाणी पेन्सिल मारली होती. आपल्या शेगडीचं तुटकं बटण, ज्याला आईनं चिंधी बांधली होती, त्यावर तू तीन ओळी खर्च केल्यास. मी समासात लिहिलं होतं, "कशाला?" ते आज खोडरबरानं पुसलं. ते बटण राहू दे.

पण म्हणून मी नमलो असं समजू नकोस. चिंधीला तीन ओळी आणि बापाला शून्य, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. आणि "एकटी" म्हणशील तर शेजारच्या काकूंना विचार मी घरात असायचो की नाही. तूही एकदा न कळवता आली होतीस, तेव्हा मी मागच्या दारी पायरीवर हवा खात बसलो होतो. म्हणजे होतो ना?

बाप

१८ नोव्हेंबर

पोरी,

आजचं पत्र जरा लांबणार. माझ्या हातात तुझ्याविरुद्ध पुरावा आलाय.

कालच्या वर्गात बाईंनी विचारलं, या चित्रात काय नाही? मास्तर म्हणाले, पुरुष नाही. नर्स म्हणाली, दूध सांडलेलं नाही. बाईंनी मग सांगितलं की शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून रंगाच्या थरांखाली बघितलंय. भिंतीवर बाईच्या डोक्यामागे आधी सुरया टांगायची फळी होती. खाली उजव्या कोपऱ्यात, आता पाय शेकायची लाकडी पेटी आहे तिथं, एक मोठी टोपली होती. चित्रकारानं दोन्ही सुरू केलं आणि दोन्हींवर रंग फिरवला. आता भिंत मोकळी, खिळा आणि भोकं तेवढी.

खोलीत एकदम भांडण लागलं. मास्तर म्हणाले, ही फसवणूक आहे, होतं ते दाखवलं पाहिजे. नर्स म्हणाली, पेशंटच्या कागदावर मी त्याच्या चपलांचा रंग लिहीत नाही, म्हणून काय मी खोटारडी? मी कुणाची बाजू घेतली असेल सांग. मी मास्तरांची घेतली. पुसलेल्याचं दुःख पुसलेलाच जाणे. टेबल आपटून म्हटलं, बाई, माणूस पुसला तर?

बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "गाळायचा हक्क लिहिणाऱ्याला आहे. पण गाळल्यावर जे उरतं ते खोटं पडता कामा नये. फळी काढली तरी ती बाई दूधच ओततेय. फळी काढल्यामुळं ती नाचतेय असं वाटायला लागलं असतं, तर मात्र गडबड होती."

मी हे वाक्य तिथंच हातावर लिहून घेतलं. ऐकलंस ना? मला गाळ, तुझा हक्क. पण मला गाळल्यावर "एकटीच होती" हे उरतं, आणि ते खोटं आहे. शेगडीचं बटण खरं, टॉवेल खरा, आणि मधोमध हे एक वाक्य पोकळ. त्यावर हात ठेवला की पोपडा निघेल. आता बोल.

घरी येताना छाती फुगली होती. पण मग बाईंनी दिलेला गृहपाठ काढला: तुम्हाला नीट माहीत असलेल्या एका भिंतीवर लिहा, तपासता येईल असं. मला वाटलं, डाव्या हाताचं काम. आपल्या स्वयंपाकघराची, खिडकीसमोरची भिंत घेतली. लिहिलं, "ही भिंत मी त्या हिवाळ्यात रंगवली. ती वाळली की पुन्हा रंगवली." एवढं लिहून पेन थांबलं. वाचणारा विचारणार, वाळलेली भिंत पुन्हा कशाला रंगवली? बाई तर विचारणारच. कागद घडी करून ठेवला. सर्दीचं निमित्त सांगून पुढच्या वेळी वाचायचं टाळता येईल.

ओळ घाल पोरी. महिना संपत आला.

बाप

२१ नोव्हेंबर

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा शिडीवर होतो, तिथंच वाचलं, मग खाली उतरून शिडीच्या पायथ्याशी बसलो.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही हवा खात नव्हतात. मी आधी पुढच्या दारानं आत आले होते. आई तुम्हाला काय म्हणाली ते मी ऐकलं. ते मी छापणार नाही. कुणी तुमची कीव करावी हे मला सहन होणार नाही. म्हणून तुम्ही त्यात नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. मी इतके दिवस पत्रांत छाती काढून मिरवतोय, आणि तुला माहीत होतं.

आधी संताप आला. चोरून ऐकलंस आणि गप्प बसलीस म्हणून. मग लाज वाटली. मग, खरं सांगतो, रडू आलं. मला वाटत होतं तू मला रागानं पुसलंस. लहानपणी मी तुझ्या शाळेच्या समारंभांना आलो नाही, कायम दुसऱ्यांच्या घरांत रंग लावत राहिलो, त्याचं उट्टं काढतेयस असं वाटत होतं. आणि तू तर मला झाकत होतीस.

पण मग मी जे लपवलं आणि तू जे झाकलंस, त्यात मधल्यामध्ये तुझ्या आईचं काय झालं बघ. ती एकटी पडली. आपण दोघांनी मिळून तिला एकटी पाडलं, तेही छापील.

आज एवढंच. जरा विचार करू दे.

बाबा

२५ नोव्हेंबर

पोरी,

काल वर्गात बाईंनी विचारलं, त्या खोलीत माणसं किती? सगळे म्हणाले, एक. मी पण तेच म्हणणार होतो. पण चित्रात उजवीकडे, तिच्या खांद्यापासून खाली एक बारीक पांढरी रेघ आहे, भिंत आणि बाई वेगळी दिसावी म्हणून चित्रकारानं ओढलेली. तिच्याकडे बघता बघता मला कळलं. म्हटलं, दोन. ती ओतणारी, आणि तिच्यासमोर ब्रश घेऊन उभा असलेला. मास्तर म्हणाले, तो कुठं दिसतोय? मी म्हटलं, दिसत नाही, पण तो नसता तर भिंतही दिसली नसती. बाई म्हणाल्या, त्यानं तिला समोर उभी करून रंगवलं की मनानं, ते नक्की कुणाला ठाऊक नाही, तेव्हा "असावा" म्हणा. बरं, असावा. पण माझ्याबाबतीत "असावा" नाही. मी होतो. आणि तुला माझ्या तोंडून ते अजून मिळालेलं नाही. तू दारातून ऐकलंस, तेही एक दिवस, दोन वाक्यं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, धुलाईखान्यातल्या सगळ्या बायकांना भेटून आलीस आणि बापाला विचारलं नाहीस. मी सांगितलंही नसतं म्हणा.

तर हा माझा गृहपाठ. मला नक्की आठवतं तेवढंच लिहितो. जिथं आठवत नाही तिथं तसं लिहितो.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी तुझी आई मला ओळखेनाशी झाली. मी चहा घेऊन आत गेलो तर ती किंचाळली. मी म्हणत राहिलो, अगं मी, अगं मी. जितकं म्हणालो तितकी ती घाबरली. शेजारच्या काकू धावत आल्या. नंतरचे किती दिवस असे गेले आठवत नाही. मी घरात आलो की ती कोपऱ्यात सरकायची. मी बाहेरच्या खोलीत झोपायचो आणि काकू तिला भरवायच्या. रडायचो मी. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग एकदा कामावरून तसाच आलो, अंगावर रंग, हातात बादली. तिनं वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आलात का रंगारीबुवा? ही भिंत घ्या आधी." मी काय करणार? घेतली. ती टॉवेलाच्या घड्या घालत बसली आणि मी तिच्या देखत भिंत घासत राहिलो. सबंध दिवस ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन पुन्हा गेलो. भिंत संपली तेव्हा रंग थोडा बदलून पुन्हा सुरू केली. काम संपलं की रंगाऱ्याला घरी जावं लागतं, म्हणून काम संपवलंच नाही. बाहेरची कामं घेणं बंद केलं. एवढं रंगकाम मी एका भिंतीवर कधी केलेलं नाही, आणि एवढं हळू तर नाहीच.

तू ऐकलंस ते असं होतं: "रंगारीबुवा, चहा बाहेर पायरीवर घ्या. आमचे हे घरात नाहीत, तुम्ही आत बसलेलं बरं दिसत नाही." तुला वाटलं नवऱ्याला स्वतःच्या घरातून बाहेर बसवलं. मला काय वाटलं सांगू? पायरीवर चहा पिताना मला हसू येत होतं. तिला समोरचं कुणी ओळखू येत नव्हतं, पण घरात एक "हे" आहेत आणि ते संध्याकाळी येणार, हे ती विसरली नव्हती. त्यांच्या अब्रूला ती जपत होती. मला माझाच हेवा वाटला.

आणि मग मला चटक लागली, विचारायची. नवरा म्हणून मी तिला कधी काही विचारलं नाही, जेवण झालं का एवढं सोडून. रंगाऱ्याला मात्र गप्पा मारायला कुणाची बंदी आहे? मी भिंतीकडे तोंड करून विचारायचो आणि ती घड्या घालत सांगायची. विचारलं, मालक काय करतात? म्हणाली, तेही रंगारीच, हात चांगला आहे, पण लोकांच्या घरांना दोन दोन हात मारतात आणि आमच्या स्वयंपाकघराला वेळ नाही. विचारलं, भांडता का? म्हणाली, भांडायला बोलावं लागतं. येतात, हात धुतात, जेवतात, झोपतात. हे ऐकून माझा ब्रश थांबला. पुढं मी न विचारता म्हणाली, पण टर्पेंटाइनचा वास आला की मला बरं वाटतं, आले म्हणून कळतं. तुझंही निघालं. मुलगी लिहिते, माझ्यावर लिहिणार म्हणते, माझ्यावर लिहिण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, लिहू द्या की. म्हणाली, लिहू दे, पण नीट लिही म्हणावं, उगाच रडकं नको.

ही शेवटची ओळ तिची, माझी नाही. शब्द हेच होते का? "रडकं" हा शब्द नक्की होता. बाकीचे थोडे इकडेतिकडे झाले असतील.

आता निर्णय तुझा. ओळ घाल म्हणून मी मागे लागलो होतो, ते मागणं परत घेतो. मला पुस्तकात यायची गरज नाही. पायरी चढणार नाही म्हणालो होतो, तेही सोड, तू बोलावलंस की येईन, आणि नाही बोलावलंस तरी येईन. कीव करणाऱ्यांची तू काळजी करू नकोस. कुणी केलीच कीव तर त्याला म्हणावं, तो हिवाळा माझ्या संसारातला सगळ्यात बोलका होता. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला लिहिता लिहिता कळलं.

पण त्या एका वाक्यावर मात्र मी पेन्सिलीने खूण केली आहे. तू चुका कळवा म्हणाली होतीस, म्हणून कळवतो. तुझं म्हणणं असेल की आईच्या मनातून बघितलं तर ती एकटीच होती, नवरा बाहेर गेलेला, आणि घरात एक परका माणूस. तो मुद्दा मीही धरला असता. पण मनात काय होतं ते तिचं तिनंच सांगितलेलं आहे, म्हणून अंदाज करायला नको.

तिला दवाखान्यात न्यायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी. भिंत घासत मी विचारलं, तुमचे मालक दिवसभर बाहेर असतात, एकटं वाटत नाही का?

ती म्हणाली, "दिवसा नाही वाटत. तुम्ही असता ना."

बाबा